गाडीचा रिकॉल: निरोप कोणाला, गाडी कोणाकडे

गाड्यांच्या एखाद्या तुकडीत कारखान्यातच राहून गेलेला दोष पुढे कधीतरी लक्षात येतो. मग त्या तुकडीतल्या गाड्या सर्व्हिस सेंटरवर बोलावून सदोष भाग तपासायचा, दुरुस्त करायचा किंवा बदलून द्यायचा, याला रिकॉल म्हणतात. सुट्या भागाचे आणि मजुरीचे पैसे कंपनी भरते. गाडी कायमची काढून घेतली जात नाही; बहुतेक वेळा ती त्याच दिवशी मालकाच्या ताब्यात परत येते. हा दोष वापरामुळे झालेल्या झिजेचा नसतो आणि चालकाच्या चुकीचाही नसतो. कधी पुरवठादाराने दिलेल्या पंपांच्या एका लॉटमध्ये खोट असते, कधी जोडणी करताना एखादा भाग नीट बसलेला नसतो, कधी सॉफ्टवेअर चुकलेले असते. शेजाऱ्याच्या हुबेहूब तशाच गाडीला बोलावणे येते आणि आपल्या गाडीला येत नाही, त्याचे कारण हेच.

खानदेशाच्या शेजारचेच उदाहरण घेता येते. जुलै २०२१ मध्ये महिंद्रा कंपनीने नाशिकच्या कारखान्यात तयार झालेल्या सहाशेपेक्षा कमी डिझेल गाड्या तपासणीसाठी बोलावल्या. कारखान्यात आलेले डिझेल दूषित असावे आणि त्याने २१ जून ते २ जुलै या दिवसांत तयार झालेल्या गाड्यांच्या इंजिनातले भाग खराब झाले असावेत, अशी शंका होती. अवघ्या बारा दिवसांचे उत्पादन, एकच कारखाना आणि नेमक्या तेवढ्याच गाड्या. सगळेच रिकॉल इतके आटोपशीर नसतात. जुलै २०२० मध्ये मारुतीने इंधनपंपाच्या दोषासाठी वॅगनआर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या बोलावल्या. मे २०२१ मध्ये रॉयल एनफील्डने इग्निशन कॉइलसाठी २,३६,९६६ मोटारसायकली, तर ऑगस्ट २०२३ मध्ये महिंद्राने इंजिनाजवळच्या वायरिंगसाठी एक्सयूव्ही ७०० या मॉडेलच्या १,०८,३०६ गाड्या तपासायला घेतल्या. या तिन्ही कंपन्यांची वाहने जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर रोज दिसतात.

कोणती गाडी रिकॉलमध्ये आहे हे चेसिस नंबरवरून ठरते. सतरा अक्षर-अंकांचा हा क्रमांक आर.सी. बुकावर छापलेला असतो आणि गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला असतो. कंपनीच्या नोंदीत त्या क्रमांकासमोर गाडी कोणत्या दिवशी तयार झाली आणि तिच्यात कोणत्या पुरवठादाराचा कोणता भाग बसला, हे लिहिलेले असते. बाजारात मात्र गाडी ओळखली जाते ती पासिंगच्या वर्षावरून. ‘एकोणीसचं मॉडेल’ म्हणून विकली गेलेली गाडी आदल्या वर्षाच्या अखेरीस तयार झालेली असू शकते. त्यामुळे बातमीतली तारीख वाचून ‘आपली त्यात नाही’ असे परस्पर ठरवणारा मालक चुकण्याची शक्यता बरीच असते.

रिकॉलला कायद्याचे रूप पहिल्यांदा अमेरिकेत आले. तिथे १९६६ साली वाहन सुरक्षा कायदा झाला आणि दोष जाहीर करणे हे कंपनीचे कर्तव्य ठरले. भारतात त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळ सगळा कारभार कंपनीच्या मर्जीवर चालला. फेब्रुवारी २०१० मध्ये मारुतीने इंधनगळतीच्या शक्यतेमुळे एक लाख ए-स्टार गाड्या बोलावल्या, तेव्हा ती मोठी बातमी झाली होती. त्याच वर्षी टाटा नॅनोला आगी लागण्याच्या घटना गाजल्या. टाटा मोटर्सने नॅनोच्या एक्झॉस्ट आणि विजेच्या यंत्रणेला जादा संरक्षण मोफत बसवून देण्याची तयारी दाखवली, पण हा रिकॉल नव्हे असेही बजावले. त्या काळी रिकॉल हा शब्द कंपनीला बट्टा वाटत असे आणि मालकालाही. २०१२ मध्ये वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने स्वेच्छेची आचारसंहिता आणली. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम ११० अ घालण्यात आले आणि केंद्र सरकारला सक्तीने रिकॉल करायला लावण्याचा अधिकार मिळाला. त्यासाठीचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. गाडी सात वर्षांपेक्षा कमी वयाची असेल आणि तक्रारी ठरलेल्या संख्येवर गेल्या, तर सरकार चौकशी लावू शकते, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासणी करून घेऊ शकते आणि रिकॉलचा हुकूम काढू शकते. अशा सक्तीच्या रिकॉलमध्ये वाहनांच्या संख्येनुसार १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. कंपनीने स्वतःहून दोष कळवून गाड्या बोलावल्या तर दंड नाही. आजवर गाजलेले जवळजवळ सगळे भारतीय रिकॉल कंपन्यांनी ‘स्वेच्छेने’ जाहीर केलेले दिसतात, त्याचा उलगडा या तरतुदीत आहे.

हा सगळा बडगा कंपनीवर उगारलेला आहे. मालकाने बोलावणे ऐकून गाडी आणलीच पाहिजे, असे कोणतेही बंधन नाही. नाही आणली तर दंड नाही, गाडी अडवलीही जात नाही. तेव्हा गाडी खरोखर दुरुस्त होणार की नाही, हे शेवटी मालकाच्या मनावर राहते. याच्या नेमके उलट चित्र नंबरप्लेटच्या बाबतीत दिसले. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या वाहनांना एचएसआरपी पाटी सक्तीची झाली, तिची मुदत राज्य सरकारने २०२५ मध्ये वारंवार वाढवली, आणि दंडाच्या धाकाने जळगाव-धुळ्यातल्या मालकांनीही पाट्यांसाठी नंबर लावले. पाटीने गाडीची ओळख सुरक्षित होते. रिकॉलने गाडीतल्या माणसांचा जीव सुरक्षित होतो, आणि त्यासाठी कोणीही रांग लावत नाही. यावरून खानदेशातला मालक बेफिकीर असल्याचा निष्कर्ष सहज काढला जातो. तो अर्धवट आहे, कारण अनेकदा निरोप त्या मालकापर्यंत आलेलाच नसतो.

कंपनी निरोप पाठवते तो पहिल्या ग्राहकाच्या पत्त्यावर, नाहीतर सर्व्हिसिंगच्या नोंदीतल्या मोबाइलवर. खानदेशात चारचाकीचा पहिलाच मालक शेवटपर्यंत टिकतो, असे क्वचित घडते. धुळे हे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांच्या चौफुलीवर वसले आहे आणि जुन्या गाड्याही याच वाटांनी येतात. पुण्या-मुंबईत पाच-सहा वर्षे चाललेली एमएच-१२ किंवा एमएच-०२ पासिंगची गाडी, नाशिकची एमएच-१५, सुरतेची जीजे-०५ अशा गाड्या दलालांच्या हातून जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगावला पोहोचतात. सुरतेत खानदेशी माणसांची मोठी वस्ती असल्याने गावाकडच्या भावाला गाडी देण्याचा व्यवहार तर घरातल्या घरातच होतो. कागद मागे राहतो. मालकीबदलाच्या टी.टी. फॉर्मवर सह्या होतात, पण फॉर्म आर.टी.ओ.त जमा होत नाही. पुढचा गिऱ्हाईक मिळेपर्यंत तो दलालाच्या खणात पडून असतो. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवावे, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात नाव बदलण्याची आठवण होते ती विमा काढताना किंवा अपघात झाल्यावर. एमएच-१८ किंवा एमएच-१९ पासिंगची गाडी असली तरी दुखणे तेच. नोंदणीच्या वेळी मालकाऐवजी एजंटाचाच मोबाइल नंबर टाकला गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. मग कंपनीचा संदेश पुण्यातल्या कोथरूडच्या एखाद्या घरी किंवा आर.टी.ओ.बाहेरच्या टेबलावर पोहोचतो आणि गाडी यावलच्या रस्त्यावर धावत असते.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आर.टी.ओ.कडून अधिकारपत्र घेणे आवश्यक झाले. गाडी विक्रेत्याच्या ताब्यात आल्याची सूचना नोंदणी अधिकाऱ्याला द्यायची आणि ती विकली जाईपर्यंत विक्रेत्याला मालक मानायचे, अशी ही तरतूद आहे. रिकॉलच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे, कारण तिने मालकीची साखळी तुटत नाही. मात्र जुन्या गाडीचा व्यवहार फोनवर, चहाच्या टपरीवर किंवा नातलगांत होतो, तेव्हा हा नियम तिथे हजर नसतो.

निरोप हाती आला तरी तो खरा मानला जाईलच असे नाही. ‘आपल्या वाहनात दोष आढळला आहे, खालील लिंकवर चेसिस नंबर टाका’ असा इंग्रजी संदेश आणि ‘आपल्या वाहनाचे चलन बाकी आहे, फाइल उघडा’ असा भामट्यांचा संदेश, हे दोन्ही एकाच मोबाइलवर येतात. आर.टी.ओ.च्या नावाने बनावट एपीके फाइल पाठवून बँकखाते रिकामे करण्याचे प्रकार अलीकडच्या वर्षांत राज्यभर घडले आहेत. अशा वेळी अनोळखी लिंक न उघडणारा मालक शहाणाच म्हणायला हवा. हाच निरोप मराठीत आला आणि त्यात जवळच्या वर्कशॉपचे नाव असले, तर त्यावर विश्वास बसायला जागा होते. कंपन्या जाहिरातीत मराठी वापरतात. दोष सांगताना बहुधा इंग्रजीवर येतात.

पुढचा अडथळा अंतराचा आणि सवयीचा आहे. वॉरंटी संपली की खानदेशातली गाडी शोरूमकडून मिस्तरीकडे जाते. मिस्तरी ओळखीचा असतो, उधारी देतो, गाडी बंद पडली तर पारोळ्याच्या रस्त्यावरही येतो. शोरूममध्ये गेले की नसलेली कामे काढून बिल वाढवतात, अशी पक्की समजूत आहे आणि ती अनुभवातून आलेली असल्याने सहज जात नाही. रिकॉलचे काम मोफत असते, पण गाडी आत गेली की ‘ब्रेक पॅडही बदलून टाकू’ असे सांगणारा सल्लागार भेटतो. मालकाला भीती असते ती त्या सल्ल्याची. मिस्तरीकडे रिकॉलचे काम होऊ शकत नाही. त्याच्याकडे तो भाग नसतो, कंपनीच्या संगणकावर नोंद करण्याची सोयही नसते, आणि अमुक चेसिस नंबरला बोलावणे आहे हेही त्याला कोणी कळवत नाही. वास्तविक रावेर, जामनेर, साक्री, शिंदखेडा या तालुक्यांत गाडीच्या तब्येतीबद्दल मालक सर्वात आधी ज्याचे ऐकतो तो हाच माणूस. त्याला वगळून आखलेली मोहीम अर्ध्या वाटेवरच थांबणार.

जास्त खपाच्या कंपन्यांची वर्कशॉप आता तालुक्यांपर्यंत पोहोचली आहेत, इतरांची फार तर जिल्ह्याच्या ठिकाणी. रावेर-चोपड्याहून जळगाव किंवा साक्री-शिरपूरहून धुळे गाठायचे तर पन्नास ते सत्तर किलोमीटर एका बाजूने पडतात. डिझेल-पेट्रोल मालकाचे, दिवसही मालकाचा. काळी-पिवळी चालवणाऱ्याची किंवा केळीच्या हंगामात पिकअप भाड्याने देणाऱ्याची त्या दिवसाची कमाई बुडते आणि ती भरून देण्याची तरतूद कुठेच नाही. काम ‘मोफत’ असते ते कंपनीच्या काउंटरवर. गाडीवर पोट असलेल्या माणसाचा हिशेब वेगळा असतो, आणि तो चुकीचा आहे असे म्हणता येत नाही.

एवढ्यावरही मालक गेला असता, जर गाडीने काही त्रास दिला असता. रिकॉलमधला दोष मात्र बहुधा दिसत नाही. आवाज येत नाही, ॲव्हरेज कमी होत नाही. ‘गाडी चाली ऱ्हायनी ना, मंग कसाले जावानं?’ हा अहिराणी प्रश्न त्यातूनच येतो. इंधनपंपाचा दोष घ्या. पंप बंद पडला की इंजिन चालता चालता थांबते. गल्लीत असे झाले तर गाडी ढकलून बाजूला घेता येते. तरसोद-फागणेदरम्यानच्या चौपदरी रस्त्यावर मागून ट्रक येत असताना झाले, तर बाजूला घ्यायला वेळ मिळत नाही. खानदेशात अपघाताचे कारण म्हणून सर्वाधिक ऐकू येते ते ‘ब्रेक फेल’. जुलै २०२३ मध्ये शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरजवळ महामार्गावरचा कंटेनर वाहनांना धडकून हॉटेलात घुसला आणि अनेकांचे जीव गेले, तेव्हाही ब्रेक निकामी झाल्याचेच सांगितले गेले. घाट उतरताना तापलेले ब्रेक, झिजलेले लायनर, जादा माल ही देखभालीची आणि वापराची कारणे आहेत. कारखान्यातला दोष ही निराळी गोष्ट आहे. पण दोन्हींना ‘नशीब’ या एकाच खात्यात टाकण्याची सवय असल्याने दुसरी गोष्ट वेगळी उरत नाही.

सगळ्याच रिकॉलची निकड सारखी नसते आणि मालकाला हा फरक कळणे गरजेचे आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये मारुतीने ४०,४५३ ईको गाड्या बोलावल्या त्या हेडलॅम्पवर ठरलेले मानकचिन्ह नसण्याच्या शक्यतेमुळे. तिथे आठवडाभर थांबल्याने जीव धोक्यात येत नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये त्याच कंपनीने एअरबॅग कंट्रोलरसाठी १७,३६२ गाड्या बोलावल्या, तेव्हा भाग बदलेपर्यंत गाडी चालवूच नये असा सल्ला दिला होता. भारतात इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलेले फार थोड्या वेळा आढळते. दोष असलेल्या कंट्रोलरमुळे अपघाताच्या वेळी एअरबॅग उघडणार नाही आणि सीटबेल्ट आवळणारी यंत्रणाही चालणार नाही, अशी भीती होती. म्हणजे गाडी रोज उत्तम चालणार आणि नेमकी गरजेच्या क्षणी दगा देणार.

काही दोषांना प्रदेशाची हवा खतपाणी घालते. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीने सियाझ, अर्टिगा, व्हिटारा ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल-६ या पेट्रोल गाड्यांपैकी १,८१,७५४ गाड्या मोटर जनरेटर युनिट तपासण्यासाठी बोलावल्या. भाग बदलेपर्यंत साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका आणि विजेच्या भागांवर थेट पाण्याचा फवारा मारू नका, अशी सूचना सोबत होती. शहरातल्या मालकाला ही सूचना किरकोळ वाटली असेल. खानदेशात पावसाळ्यात नाल्यांच्या फरशीपुलांवरून पाणी वाहते, रस्ता तोच असतो, आणि शेतातून आलेली गाडी वॉशिंग सेंटरवर जोरदार पंपाने धुतली जाते. ज्यांना ही सूचना सर्वात जास्त लागू होती, त्यांच्यापर्यंत ती पोहोचायला हवी होती.

उष्णतेचे उदाहरण याहून गंभीर आहे. जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगमध्ये बॅग फुगवण्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरलेले होते. वर्षानुवर्षे ऊन आणि दमटपणा यांत राहून हे रसायन बिघडते. मग अपघातात बॅग फुगण्याऐवजी तिचा धातूचा डबा फुटतो आणि त्याचे तुकडे प्रवाशाच्या अंगात घुसतात. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर रिकॉलमध्ये आले, दोन डझनांहून अधिक माणसे दगावली, आणि २०१७ मध्ये ताकाताने दिवाळे जाहीर केले. भारतात होंडाने २०१५ मध्ये याच कारणासाठी २,२३,५७८ गाड्या बोलावल्या आणि पुढच्या वर्षांतही सिटी, जॅझ, सिव्हिक, अकॉर्ड यांच्या आणखी तुकड्या जोडल्या. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. खानदेशचा उन्हाळा कोरडा असतो हा थोडा दिलासा. पण इथल्या जुन्या गाडीने पहिली काही वर्षे मुंबई किंवा सुरतेच्या दमट हवेत काढलेली असू शकतात, आणि त्याची नोंद स्पीडोमीटरवर उमटत नाही. विजेवर चालणाऱ्या दुचाकींच्या बाबतीतही उन्हाळ्याचा संबंध चर्चेत आला. मार्च २०२२ च्या अखेरीस पुण्यात ओला कंपनीच्या स्कूटरला आग लागली, इतर कंपन्यांच्या गाड्याही पेटल्या. केंद्र सरकारने चौकशी लावली आणि एप्रिलमध्ये ओलाने १,४४१ तर ओकिनावाने ३,२१५ स्कूटर तपासणीसाठी बोलावल्या. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे निकष कडक झाले.

रिकॉल म्हणजे गाडी ‘बाद’ निघाली, ही समजूत आता थोडी सैल झाली असली तरी पुनर्विक्रीच्या बाजारात ती टिकून आहे. गाडी विकायला काढलेला मालक रिकॉलची गोष्ट सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. खरे तर दुरुस्ती झालेली गाडी न झालेल्या गाडीपेक्षा निर्धोक असते, आणि दोष जाहीर करणारी कंपनी तो दडवणाऱ्या कंपनीपेक्षा बरी. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या अभियंत्यांना इग्निशन स्विचमधला दोष सुमारे दहा वर्षे ठाऊक होता; गुडघा किंवा किल्ल्यांचा जुडगा लागून चालती गाडी बंद पडे आणि एअरबॅगही निकामी होत. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या बोलावल्या गेल्या आणि कंपनीच्याच भरपाई निधीने १२४ मृत्यू या दोषाशी जोडले. त्या दहा वर्षांत रिकॉल नसल्याने त्या गाड्यांची बाजारातली प्रतिमा स्वच्छच होती.

प्रदूषणाच्या रिकॉलकडे मालक वेगळ्या नजरेने पाहतो. जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्सने १ लाख १४ हजार शेव्हर्ले टवेरा बोलावल्या, कारण २००५ पासून तयार झालेल्या या गाड्या धुराच्या निकषांत बसत नव्हत्या आणि तपासणीच्या वेळी वेगळी इंजिने पुढे केली गेल्याचे उघड झाले. टवेरा ही ग्रामीण महाराष्ट्रात प्रवासी वाहतुकीची आवडती गाडी होती. फोक्सवॅगनने २०१५ च्या डिसेंबरात ३,२३,७०० डिझेल गाड्यांचे सॉफ्टवेअर बदलण्याची घोषणा केली, तिचीही कथा जवळपास अशीच. तिथे एआरएआयच्या तपासणीत तफावत दिसली होती. अशा रिकॉलमध्ये मालकाचा जीव धोक्यात नसतो, आणि दुरुस्तीनंतर पिकअप किंवा ॲव्हरेज कमी होईल अशी धास्ती मात्र असते. लाभ सगळ्यांचा आणि तोटा आपल्या एकट्याचा, असे गणित मनात बसले की गाडी वर्कशॉपकडे वळत नाही. शेव्हर्लेने तर २०१७ अखेर भारतातली विक्रीच थांबवली.

मालकाने स्वतः केलेल्या बदलांचा प्रश्न याच्याशी गुंतलेला आहे. पुढच्या बाजूला लोखंडी बुलबार बसवला की धडकेची जाणीव सेन्सरला उशिरा होऊ शकते. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये अशा बुलबारवर कारवाईचे आदेश दिले. बाजूची एअरबॅग सीटमध्ये असेल तर घट्ट सीटकव्हर तिची वाट अडवते. जादा लाइट आणि हॉर्नसाठी वायरिंग कापून जोडले जाते. सगळ्यांत घातक प्रकार गॅसचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगावच्या इच्छादेवी चौकात ओम्नी गाडीत घरगुती सिलिंडरमधून गॅस भरताना स्फोट झाला, अनेक जण होरपळले आणि त्यांतल्या काहींचा पुढे मृत्यू झाला. तो गाडीचा कारखानदोष नव्हता. परंतु ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधले कलम ८७ इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे: हानी झाली त्या वेळी वस्तूचा गैरवापर होत होता किंवा तिच्यात फेरफार केलेला होता, असे दिसले तर विक्रेत्याविरुद्धचा दावा टिकत नाही. खरा दोष असूनही बाहेरच्या वायरमनने केलेल्या एका जोडामुळे मालकाची बाजू लंगडी पडू शकते.

जिथे रिकॉलची दुरुस्ती जवळपास पूर्णत्वाला गेली, तिथे ती मालकाच्या सद्भावनेवर सोडलेली नव्हती. जर्मनीत वाहन नोंदणी खाते गाडीच्या चालू मालकाचा पत्ता मोहिमेसाठी पुरवते आणि गंभीर दोष दुरुस्त न केल्यास गाडी रस्त्यावर आणायला बंदी करू शकते. जपानने मे २०१८ पासून धोकादायक ताकाता एअरबॅग न बदललेल्या गाड्यांना नियतकालिक तपासणीत नापास करायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियात त्याच वर्षी सक्तीचा रिकॉल लागू झाला आणि राज्यांनी अशा गाड्यांची नोंदणी अडवली. महाराष्ट्रात खासगी मोटारीला फिटनेसची तपासणी पहिल्यांदा पंधरा वर्षांनी होते. पण प्रत्येक गाडी वर्षाला पीयूसीसाठी आणि विम्यासाठी कुठेतरी नोंदली जातेच, आणि दोन्ही ठिकाणी गाडीचा नंबर संगणकात टाकला जातो. प्रलंबित रिकॉलची सूचना त्याच पडद्यावर दिसली, तर कोथरूडला गेलेला निरोप यावलच्या गाडीपर्यंत पोहोचायला फार काही लागणार नाही.

तोवर शोध मालकालाच घ्यावा लागतो. चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या वेबसाइटवर किंवा अधिकृत वर्कशॉपमध्ये विचारले की त्या गाडीचे काही काम बाकी आहे का, हे लगेच समजते. जुनी गाडी घेताना सौदा ठरण्याआधी हे पाहणे सर्वात सोयीचे, कारण तेव्हा विकणाऱ्यालाही घाई असते. वर्कशॉपने पैसे मागितले तर मोहिमेचे नाव विचारून कंपनीच्या ग्राहकसेवा क्रमांकावर तक्रार करता येते. रिकॉल जाहीर झालेला नाही पण दोष जाणवतो, अशा वेळी केंद्राच्या वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवण्याची सोय २०२१ च्या नियमांनी दिली आहे; सक्तीच्या रिकॉलचा उंबरठा या तक्रारींच्या मोजणीवर ठरतो, म्हणून मिस्तरीकडे केलेली कुरकुर तिथे उपयोगाची नाही. दोषामुळे नुकसान झाले असेल तर जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणच्या जिल्हा ग्राहक आयोगांत दाद मागता येते. त्यासाठी साधारण दोन वर्षांची मुदत असते. काम झाल्याची पावती, म्हणजे जॉब कार्ड, आर.सी.सोबत ठेवावी, गाडी पुढे विकताना तीच उपयोगी पडते.

सात वर्षांची मर्यादा सक्तीच्या रिकॉलला आहे. कंपनी स्वतःहून त्याहून जुन्या गाड्याही बोलावू शकते; होंडाच्या एअरबॅग मोहिमेत दहा वर्षांपूर्वीच्या गाड्या होत्या. खानदेशात दुसऱ्या-तिसऱ्या हाताने आलेली गाडी बहुधा ही सात वर्षे ओलांडलेली असते किंवा ओलांडण्याच्या बेतात असते. तिच्यासाठी सरकारी हुकूम निघण्याची शक्यता थोडी, पण पूर्वीच्या मालकाच्या काळात जाहीर झालेला आणि तसाच राहून गेलेला रिकॉल असण्याची शक्यता बरीच. अशा प्रलंबित कामाचा खर्च सहसा मालक बदलला तरी कंपनीच उचलते.